रात्री ताप आला तर कोण उठतं?

1878 साली लंडनमध्ये ॲनी बेझंट आपल्या मुलीसाठी न्यायालयात स्वतः उभ्या राहिल्या आणि हरल्या. नवऱ्यापासून त्या 1873 मध्येच कायदेशीररीत्या वेगळ्या झाल्या होत्या. मुलगा डिग्बी वडिलांकडे आणि मुलगी मेबल आईकडे, असं तेव्हा ठरलं होतं. पुढे बेझंटबाई आपण देव मानत नाही हे उघडपणे सांगू लागल्या. चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यासोबत त्यांनी संततिनियमनावरची एक पुस्तिका छापली आणि त्यावरून मोठा खटला झाला. मग पाद्री असलेल्या नवऱ्याने मेबलला परत मागितलं. आई मुलीची प्रेमाने काळजी घेते हे न्यायाधीश सर जॉर्ज जेसेल यांनाही मान्य होतं. तरीही अशा मतांच्या बाईच्या घरात मुलीने वाढू नये, असं त्यांनी ठरवलं आणि सात वर्षांच्या मेबलला आईपासून दूर केलं.

तीस-पस्तीस वर्षांनी याच बेझंटबाई मद्रासमध्ये मुलांच्या ताब्यावरूनच पुन्हा न्यायालयात होत्या, पण या वेळी मुलं दुसऱ्याची होती. जिद्दू नारायणय्या यांनी 1910 मध्ये कागदावर सही करून कृष्णमूर्ती आणि नित्यानंद या आपल्या दोन मुलांचं पालकत्व त्यांना दिलं होतं. दोन वर्षांनी त्यांचं मन बदललं आणि त्यांनी दावा लावला. मद्रास उच्च न्यायालयाने वडिलांच्या बाजूने निकाल दिला. 1914 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. मुलं तोवर इंग्लंडमध्ये शिकत होती. त्यांच्याबद्दल हिंदुस्थानातल्या न्यायालयाने हुकूम कसा काय दिला, हा कौन्सिलचा एक आक्षेप. दुसरा आक्षेप असा, की ज्यांच्या आयुष्याचा निकाल लागत होता त्या मुलांना कुणी काही विचारलंच नाही. वडिलांना आपलं पालकत्व कायमचं दुसऱ्याला लिहून देता येत नाही, ते कधीही परत मागता येतं, हेही त्याच निकालात आलं.

आजच्या कुटुंब न्यायालयात रोज उभे राहणारे बहुतेक प्रश्न या दोन जुन्या खटल्यांत सापडतात. आई-वडिलांची मतं आणि वागणूक किती मोजायची? मुलाला विचारायचं का? कुठल्या गावच्या न्यायालयाने ठरवायचं? एकदा ठरलेलं बदलता येतं का? या प्रश्नांची उत्तरं शंभर वर्षांत खूप बदलली, आणि बदलली ती एकाच दिशेने. ताब्याचा निकाल हा नवरा-बायकोच्या भांडणाचा निकाल नाही, हे न्यायालयांना हळूहळू पटत गेलं. मुलाचा रोजचा दिवस कुठे नीट जाईल, एवढंच तिथे शोधायचं असतं. ज्या आई-वडिलांना हे लवकर उमगतं त्यांच्या मुलांचे हाल कमी होतात, म्हणून या प्रकरणात मी पुन्हा पुन्हा तिथेच येणार आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. पालकत्व, ताबा आणि भेट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मूल कुणाच्या घरी झोपतं, त्याचा डबा कोण भरतं, त्याला शाळेच्या बसपर्यंत कोण सोडतं, हा झाला ताबा. त्याच्या नावावरची मिळकत, बँकेतला पैसा, मोठ्या निर्णयांवरची सही हा पालकत्वाचा भाग. आणि ज्याच्याकडे मूल राहत नाही त्याला ते कधी, कुठे, किती वेळ भेटणार, हा तिसरा विषय. न्यायालयाच्या आवारात सगळे त्याला ‘अ‍ॅक्सेस’ म्हणतात. ताबा आईला मिळाला म्हणजे वडिलांचं नातं संपलं, असं समजून कितीतरी बाप खचून जातात, आणि कितीतरी आया तसंच समजून दार लावून घेतात. कायद्यात असं कुठेही नाही.

आपल्याकडे या विषयाचा पाया अजूनही 1890 चा पालक आणि पाल्य कायदा आहे. इंग्रजांच्या काळातला असला तरी त्याचं सतरावं कलम वाचण्यासारखं आहे. मुलाचं वय, ते मुलगा आहे की मुलगी, त्याचा धर्म, ताबा मागणाऱ्याचं चारित्र्य आणि कुवत, मुलाशी असलेलं नातं, हे सगळं पाहावं. आणि मूल समजून-उमजून सांगण्याइतकं मोठं असेल तर त्याची इच्छाही विचारात घ्यावी, असं ते सांगतं. याच कायद्यामुळे मूल नेहमी जिथे राहतं तिथलं न्यायालय हा विषय ऐकतं. नवरा मुंबईत, बायको मुलाला घेऊन सांगलीला माहेरी आली आणि मूल तिथल्या शाळेत रुळलं, तर मुंबईच्या नवऱ्याला सांगलीच्या फेऱ्या घालाव्या लागू शकतात. म्हणूनच ‘नेहमीचं राहणं कुठलं’ या एका मुद्द्यावर वकील महिनोन्‌महिने भांडतात.

हिंदूंसाठी 1956 चा अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा आहे. त्यातल्या सहाव्या कलमाने एक जुनी उतरंड तशीच ठेवली: मुलाचा नैसर्गिक पालक बाप आणि त्याच्यानंतर आई. इंग्रजी लेखिका गीता हरिहरन यांना याचा अनुभव 1984 मध्ये आला. त्यांनी मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला, तर वडिलांची सही आणा, असं उत्तर मिळालं. दोघं नवरा-बायको एकत्र, सुखात राहत होते आणि पालक म्हणून आईनेच सही करायची हे दोघांनी मिळून ठरवलं होतं. तरीही अर्ज परत आला. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 1999 मध्ये निकाल लागला. वडील हयात असूनही मुलाकडे लक्ष देत नसतील, दूर असतील, किंवा दोघांनी तसं ठरवलं असेल, तर आई त्यांच्या हयातीतही नैसर्गिक पालक असू शकते, असं न्यायालयाने सांगितलं. हे मोठं पाऊल होतं. पण कलमाची भाषा मात्र आहे तशीच राहिली. विधी आयोगाने 1989 मध्ये आणि पुन्हा 2015 मध्ये, 257 व्या अहवालात, आई-वडिलांना समान दर्जा द्यावा अशी शिफारस केली. संसदेने ती अजून उचललेली नाही. महाराष्ट्र सरकारने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं बंधनकारक केलं, ही चांगली गोष्ट झाली. कागदावरच्या नावाइतकंच कागदावरच्या सहीचंही मोल आहे, म्हणून सहाव्या कलमाचं काम अर्धवट राहणं मला फार खुपतं.

त्याच सहाव्या कलमात आईच्या बाजूचं एक वाक्य आहे. पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा एरवी आईकडेच असावा. हे किती बळकट आहे ते गोव्यातल्या एका प्रकरणात दिसलं. तिथल्या दिवाणी न्यायालयाने लहानग्याचा तात्पुरता ताबा आईला दिला होता. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो वडिलांना दिला. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये मूल पुन्हा आईकडे सोपवलं आणि स्पष्ट केलं, की या वयाच्या मुलासाठी आपण लायक आहोत हे आईने सिद्ध करायचं नसतं. ती लायक नाही असं म्हणणाऱ्या वडिलांनी ते दाखवायचं असतं. पाचव्या वाढदिवसाला मात्र ताबा आपोआप बापाकडे जातो, ही समजूत चुकीची आहे. पाच वर्षांनंतर फक्त आईच्या बाजूचं झुकतं माप जातं. त्यापुढे दोघंही एकाच ओळीत उभे असतात.

इतर धर्मीयांसाठी कायदे वेगळे आहेत. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात लहान मुलाला सांभाळण्याच्या आईच्या हक्काला हिझानत म्हणतात. हनफी पंथात मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत तो आईकडे असतो. ख्रिस्ती लोकांसाठी 1869 चा, पारशांसाठी 1936 चा आणि विशेष विवाह केलेल्यांसाठी 1954 चा कायदा आहे. पण न्यायाधीशासमोर प्रत्यक्ष मूल आलं की हे सगळे रस्ते एकाच ठिकाणी मिळतात: मुलाचं हित सर्वांत वर. मुंबई उच्च न्यायालयाने हे स्वातंत्र्यापूर्वीच सांगितलं होतं. 1941 च्या निकालपत्रांत छापलेल्या एका खटल्यात न्यायालय म्हणालं होतं, की बापाचं हित किंवा आईचं हित पाहायला आम्ही बसलेलो नाही, बघायचं ते फक्त मुलाचं. 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मुलं ही आई-वडिलांची मालमत्ता किंवा खेळणी नाहीत असं बजावलं.

हित हा शब्द बोलायला सोपा आहे. कुटुंब न्यायालयात त्याचं काय होतं?

समजा, ठाण्यातलं एक जोडपं आहे. दोघं नोकरी करतात, सात वर्षांची मुलगी आहे. आई तिला घेऊन डोंबिवलीला आई-वडिलांकडे राहायला गेली आहे. दोघांनी अर्ज केले आहेत आणि दोघांच्याही अर्जात समोरच्याचे दोष पानोपानी आहेत. तो उशिरा येतो, ती चिडते, सासू बोलते, सासरे मध्ये पडतात. न्यायाधीश हे वाचतात, पण त्यातून मुलीचा दिवस त्यांना दिसत नाही. तो पाहायला कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक असतात. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्याने ही सोय केली. महाराष्ट्रात अशी न्यायालयं पुण्या-मुंबईत 1989 मध्ये सुरू झाली. समुपदेशक दोघांशी बोलतात, मुलीशी वेगळं बोलतात, गरज पडली तर घरी आणि शाळेतही जातात. त्यांचे प्रश्न फार साधे असतात. मुलीच्या वर्गशिक्षिकेचं नाव काय? तिला कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे? कुठला पाढा अडतो? तिची जवळची मैत्रीण कोण? रात्री ताप आला तर कोण उठतं? पगार कितीही असो, या प्रश्नांना चटकन उत्तर देणारा पालक न्यायालयाच्या नजरेत आपोआप पुढे येतो, आणि हे योग्यच आहे असं मला वाटतं.

समुपदेशकाशी काय बोलावं याची पुष्कळांना धास्ती असते. नवरा-बायको तडजोडीसाठी बोलताना जे बोलतात ते गुप्त राहतं, ते उद्या पुरावा म्हणून वापरता येत नाही. मुलाशी बोलून समुपदेशकाने त्याच्याविषयी दिलेला अहवाल मात्र न्यायाधीश वाचू शकतात आणि त्यावर अवलंबूनही राहू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलं.

पैशाचा मुद्दा लोकांना वाटतो त्यापेक्षा हलका असतो. बाप लाखभर कमावतो आणि आई घरी आहे, एवढ्यावरून मूल बापाकडे जात नाही, कारण मूल आईकडे राहिलं तरी खर्च देण्याची जबाबदारी बापावर राहतेच. आई कमावती असेल तर तिलाही वाटा उचलावा लागतो. पूर्वी दोन्ही बाजू उत्पन्न लपवायच्या आणि पोटगीचा आकडा वर्षानुवर्षं लटकायचा. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र दोघांनाही सक्तीचं केलं. आई नोकरी करते म्हणून ती मुलाला वेळ देणार नाही, हा युक्तिवाद अजूनही केला जातो. बाप नोकरी करतो म्हणून त्याच्याविरुद्ध असं कुणी म्हणत नाही, हे न्यायाधीशांच्याही लक्षात येऊ लागलं आहे.

आणि वागणूक? बेझंटबाईंच्या काळात तीच सगळं ठरवत होती. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर नऊ वर्षांच्या मुलीचं प्रकरण आलं. आईचे परपुरुषाशी संबंध आहेत, सबब ताबा तिला नको, असं वडिलांचं म्हणणं होतं. व्यभिचार घटस्फोटाचं कारण होऊ शकतो, ताबा नाकारायचं कारण होत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. चांगली पत्नी नसलेली बाई चांगली आई असू शकते. मी या निकालाकडे बेझंटबाईंच्या निकालाचं दीडशे वर्षांनी आलेलं उत्तर म्हणून पाहते. दारू, मारहाण, मुलासमोर होणारी हिंसा यांची गोष्ट मात्र वेगळी. ते वागणं थेट मुलाच्या अंगावर येतं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्याने म्हणूनच दंडाधिकाऱ्यालाही मुलाचा तात्पुरता ताबा देण्याचा आणि मुलाला धोका असेल तर भेट नाकारण्याचा अधिकार दिला आहे.

आता मुलाच्या स्वतःच्या मताविषयी. किती वर्षांच्या मुलाला विचारायचं हे कायद्याने सांगितलेलं नाही. ते न्यायाधीशाने मूल पाहून ठरवायचं. साधारणपणे ते मुलाला आपल्या चेंबरमध्ये बोलावतात, आई-वडील आणि वकील बाहेर. गप्पा शाळेपासून, क्रिकेटपासून, आवडत्या मालिकेपासून सुरू होतात. ‘तुला कोण हवं?’ असा प्रश्न कुठलाच शहाणा न्यायाधीश विचारत नाही, कारण तो प्रश्न मुलाला आयुष्यभर पुरतो. शिकवून पाठवलेलं मूल बहुधा ओळखू येतं. आठ वर्षांचा मुलगा ‘बाबांनी आमची आर्थिक फसवणूक केली’ असं म्हणतो, तेव्हा ते वाक्य कुणाचं आहे हे सांगावं लागत नाही. एका पालकाने मुलाचं मन दुसऱ्याविषयी कलुषित करणं याची दखल सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये एका मुलीच्या प्रकरणात घेतली. असं करणारा पालक बहुतेक वेळा स्वतःच्या दुःखात बुडालेला असतो, हे मी समजू शकते. पण मुलाला त्यात ओढल्यावर त्याच्या वाट्याचं एक माणूस कायमचं जातं.

ताब्याच्या खटल्यांविषयी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे वेळ. अंतिम निकालापर्यंत दोन-चार वर्षं सहज जातात. त्या काळात न्यायालय अंतरिम आदेश देतं आणि मूल एका घरात राहू लागतं. शाळा तीच, मित्र तेच, कराटेचा क्लास तोच. निकालाची तारीख येते तेव्हा मुलाचं आयुष्य तिथे रुजलेलं असतं आणि ते उपटणं त्याच्या हिताचं नाही, असं न्यायाधीशांना वाटणं स्वाभाविक असतं. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांच्या एका मुलाला अलाहाबादमध्ये वडिलांकडेच ठेवलं. आई सुशिक्षित होती, नोकरी करत होती, तिच्यात दोष नव्हता; पण मुलगा बरीच वर्षं तिथेच वाढला होता आणि त्यालाही तिथेच राहायचं होतं. म्हणून वकिलाकडे पहिल्यांदा जाणाऱ्या आई-वडिलांनी विचारायचा पहिला प्रश्न अंतिम निकालाचा नसावा. येत्या महिन्यात मूल कुठे राहील, दुसऱ्याला कधी भेटेल, याचा लेखी आदेश लवकरात लवकर कसा मिळेल, हा असावा. मुलाच्या शिक्षणाच्या आणि पोटगीच्या अर्जाचा निकाल शक्यतो नोटीस पोचल्यापासून साठ दिवसांत लावावा, असं हिंदू विवाह कायद्याच्या 26 व्या कलमात लिहिलेलं आहे. ते प्रत्यक्षात क्वचित होतं. या विलंबाची सर्वांत मोठी किंमत मूल मोजतं, आणि न्यायव्यवस्थेने याकडे ज्या गांभीर्याने पाहायला हवं तसं ती पाहत नाही.

या वेळेच्याच भरवशावर काही जण मुलाला गुपचूप गावी नेतात, शाळा बदलतात, फोन बंद ठेवतात. काही आठवडे त्यांना आपण जिंकलो असं वाटतं. पण मूल लपवणाऱ्या पालकाविषयी न्यायाधीशाच्या मनात पहिली शंका तिथेच येते: जो आज दुसऱ्याला भेटू देत नाही तो उद्या काय करेल?

भेटीविषयी आता थोडं सविस्तर. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कुटुंब न्यायालयात मुलांसाठी वेगळी जागा आहे. खेळणी आहेत, भिंतींवर चित्रं आहेत. शनिवारी बाप येतो, मुलगी आजीचं बोट धरून येते, आणि दोन तास दोघं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसतात. सुरुवातीला, जिथे भीती किंवा वाद आहे तिथे, अशी देखरेखीखालची भेट गरजेची असते. पण ती वर्षानुवर्षं तशीच चालू राहिली, की मुलीच्या मनात बाप म्हणजे न्यायालय असं समीकरण तयार होतं. चांगले आदेश टप्प्याटप्प्याने सैल होतात. आधी आवारात, मग बागेत किंवा मॉलमध्ये, मग एक आड एक शनिवार-रविवार घरी मुक्काम, उन्हाळ्याची अर्धी सुट्टी. आपल्याकडच्या आदेशांत गणपतीही येतात. वडिलांच्या गावी कोकणात पाच दिवसांचा गणपती असेल तर ते पाच दिवस मूल तिकडे, दिवाळीचा पाडवा इकडे, भाऊबीज तिकडे, वाढदिवसाची संध्याकाळ वाटून. हे वाचायला यांत्रिक वाटेल, पण दर वर्षी ऑगस्टमध्ये भांडण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं. शाळेच्या गॅदरिंगला दोघांनी यायचं का, प्रगतिपुस्तक कुणाला दाखवायचं, आजार झाला तर कुणी कुणाला कळवायचं, हेही लिहून घ्यावं. मुंबईतल्या एका स्वयंसेवी संस्थेने अशा गोष्टींची मार्गदर्शक तत्त्वं आणि पालकत्वाचा आराखडा तयार केला, तो काही उच्च न्यायालयांनी आपल्या न्यायाधीशांपर्यंत पोचवला.

2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भेटीला आणखी एक जोड दिली. मुलाला दोन्ही पालकांच्या प्रेमाचा हक्क आहे, आणि दूर राहणाऱ्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटं फोनवर किंवा व्हिडिओवर मुलाशी बोलता यायला हवं, असं त्या निकालात आहे. इथे दोन्ही बाजूंना एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. पोटगी थकली म्हणून मुलाची भेट बंद करता येत नाही. भेट मिळत नाही म्हणून पोटगी बंद करता येत नाही. दोन्ही हक्क मुलाचे आहेत, आणि मुलाच्या एका हक्काची वसुली दुसऱ्या हक्कातून होत नसते.

जवळजवळ निम्मा-निम्मा वेळ दोन्ही घरी, म्हणजे संयुक्त ताबा, याचा उल्लेख आपल्या कायद्यांत नाही. विधी आयोगाने 2015 च्या अहवालात तो सुचवला आणि काही न्यायालयं संमती असेल तर तसे आदेश देतातही. दोन्ही घरं एकाच शहरात, शाळेपासून जवळ, आणि दोघांत किमान बोलण्याइतकी सभ्यता असेल तर ही व्यवस्था चांगली चालते. पुणे आणि नागपूरमध्ये वाटून घेतलेलं मूल मात्र रेल्वेतच वाढेल.

कधी मूल आई-वडिलांपैकी कुणाकडेच नसतं. आईचे वडील, मावशी, मामा त्याला वाढवत असतात. महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात गरोदरपणातच आईला कर्करोग झाल्याचं कळलं. वडीलही गंभीर आजारी पडले. बाळाला मावशी आणि मामाने सांभाळलं. आई गेली. वडील बरे झाले आणि त्यांनी बाळ मागितलं. मुंबई उच्च न्यायालयाने आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वडिलांना दिलं आणि मावशी-मामांना भेटीची मुभा ठेवली. मावशीचं प्रेम कुणी नाकारलं नाही. बाप स्वतः सांभाळायला समर्थ आहे आणि मुलाला आपला राहिलेला पालक मिळायला हवा, असा तो विचार होता. उलट 2008 मध्ये, मुलीच्या मृत्यूप्रकरणी जावयावर हुंड्यासाठी छळाचा खटला चालू असताना, नातवाला आजी-आजोबांकडेच ठेवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. नातं रक्ताचं आहे एवढ्याने काम भागत नाही.

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एक इशारा. न्यू जर्सीत किंवा लंडनला लग्न मोडतं आणि एक पालक मुलाला घेऊन पुण्याला येतो. बहुतेकदा ‘महिनाभर आईकडे जाऊन येते’ असं सांगून. पळवलेली मुलं त्यांच्या नेहमीच्या देशात लगेच परत पाठवण्यासाठी 1980 चा हेग करार आहे. भारत त्यात सामील नाही. विधी आयोगाने 2009 मध्ये सामील व्हा असं सुचवूनही. त्यामुळे परदेशी न्यायालयाचा आदेश आपल्याकडे आपोआप चालत नाही. तो एक मुद्दा म्हणून पाहिला जातो आणि शेवटी मुलाचं हितच ठरवतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये पक्कं केलं. पण म्हणून भारतात येणं सुरक्षित, असं समजू नये. अमेरिकेत 1993 च्या कायद्याप्रमाणे दुसऱ्या पालकाचा हक्क डावलून मुलाला देशाबाहेर नेणं हा गुन्हा आहे, आणि पुन्हा तिकडे पाय ठेवायचा म्हटलं तर अटकेची भीती राहते. मूल मोठं होऊन शिकायला तिकडे जाईल तेव्हा आई त्याला भेटायलाही जाऊ शकणार नाही, हा विचार विमानाचं तिकीट काढताना कुणी करत नाही.

आणि ताब्याचा निकाल कधीच अखेरचा नसतो. परस्पर संमतीने घटस्फोट घेताना दोघांनी सह्या केलेल्या अटीही परिस्थिती बदलली तर न्यायालय पुन्हा उघडू शकतं. याचं अगदी अलीकडचं उदाहरण सर्वोच्च न्यायालयाचंच आहे. केरळमधल्या एका मुलाचा ताबा वडिलांकडे द्यावा या आदेशावर न्यायालयाने 2024 मध्ये शिक्कामोर्तब केलं होतं. मुलगा लहानपणापासून आईकडे वाढला होता. आदेशानंतर त्याची घालमेल इतकी वाढली, की मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं लागलं. ते अहवाल पाहून जुलै 2025 मध्ये न्यायालयाने स्वतःचाच निर्णय मागे घेतला, मुलाला आईकडे ठेवलं आणि वडिलांच्या भेटी चालू ठेवल्या. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला मुलासाठी आपला शब्द फिरवण्यात कमीपणा वाटला नाही.

मूल अठरा वर्षांचं झालं की ताब्याचा आदेश संपतो. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही, तारीख पडत नाही. त्या दिवसापासून कुठे राहायचं, कुणाला भेटायचं, दिवाळीला कुठल्या घरी जायचं हे तोच किंवा तीच ठरवते. खर्चाची जबाबदारी मात्र लगेच संपेलच असं नाही. अविवाहित मुलगी स्वतःच्या पायावर उभी नसेल, तर हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्याप्रमाणे तिला पुढेही निर्वाह मागता येतो, आणि शिकणाऱ्या मुलाच्या फीविषयी संमतीच्या अटींत आधीच लिहून घेणं शहाणपणाचं असतं. बारावीनंतर इंजिनिअरिंगची फी कोण भरणार, हे मूल पहिलीत असतानाच ठरवणं विचित्र वाटतं. समुपदेशक तरीही ते कलम घालायला सांगतात, आणि घालावं.